असन्निधानातील आचार्य : श्रीनागदेवाचार्य भटोबास

आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची भूमी महानुभावांस अपरिचित नाही. या जिल्ह्यातील गोदातीरीचे पैठण हे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरकालीन जीवनाचे एक प्रमुख क्षेत्र होय. वेरुळच्या लेण्यांत स्वामींचे दीर्घकाळ वास्तव्य झाले. ज्या यादवांच्या राज्यात पंथाचा उदय झाला, त्यांची राजधानी देवगिरीही याच परिसरात, नगरापासून काही कोसांवर आहे. या तिन्ही ठिकाणी जाणारा साधक स्थानांना दंडवत घालतो आणि स्वामींच्या लीळांचे स्मरण करतो. त्या लीळा आपणापर्यंत पोहोचल्या कशा, हा प्रश्न मात्र क्वचितच मनात येतो. स्वामी उत्तरापंथे निघून गेले, त्यांचे कोणतेही स्वहस्तलिखित मागे नव्हते, अनुयायी दुःखाने विदीर्ण झालेले होते आणि राजदरबारातील थोर अधिकारी प्रतिकूल होते. अशा अवस्थेत पंथ विखुरला असता तर त्यात नवल नव्हते. तो विखुरला नाही, याचे श्रेय ज्या एका पुरुषाकडे जाते, त्या श्रीनागदेवाचार्यांच्या चरित्राचा विचार येथे करावयाचा आहे.

पंथीय परिभाषेत परमेश्वर अवताराच्या प्रत्यक्ष सहवासास सन्निधान व त्याच्या वियोगाच्या काळास असन्निधान म्हणतात. सन्निधानात साधकाला शंका आली तर विचारावयास ठिकाण असते, चूक झाली तर सावरणारा हात असतो. असन्निधानात हे दोन्ही नाहीसे होते. नागदेवाचार्य हे असन्निधानाचे पहिले आचार्य होत, आणि त्यांच्या चरित्राचे मोल याच दृष्टीने जाणून घ्यावयास हवे.

नागदेवांचा जन्म शके ११५८ (इ.स. १२३६) च्या सुमारास झाला, असे मानतात. भट, भटोबास या नावांनीही ते ओळखले जातात. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो ती महदाइसा त्यांची चुलत बहीण. स्वामींच्या शिष्यसमुदायात विद्वान होते, गृहस्थ होते, वृद्ध विधवा होत्या, निरनिराळ्या जातींचे स्त्रीपुरुष होते. या सर्वांत भटोबास स्वामींचे निकटवर्ती बनले. स्वामींच्या शेवटच्या काही वर्षांतील बहुसंख्य लीळांचे ते साक्षीदार आहेत. त्यांचा पिंड पांडित्याचा नव्हता, तो श्रवणाचा व सेवेचा होता. पुढे ज्या कार्यासाठी ते उभे राहिले, त्या कार्याला हीच वृत्ती उपयोगी पडली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शके ११९४ ते ११९६ (इ.स. १२७२ ते १२७४) या दरम्यान स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले. वर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहे, परंतु त्या प्रसंगाच्या तीव्रतेविषयी नाही. त्याआधीच्या काळात स्वामींना झालेला विरोध आणि छळ परंपरेच्या स्मरणात खोलवर रुतलेला आहे. प्रतिपक्षात यादवांचा करणाधिप हेमाद्री याच्यासारखा प्रभावी पुरुष होता. म्हणजे शिष्यांवर दुहेरी आघात झाला. एक तर ज्यांच्यावर सर्वस्व टाकले ते दृष्टीआड झाले, आणि दुसरे असे की ज्या समाजात राहावयाचे त्याच्या अग्रणींनी आपल्या दैवताचा द्वेष केला, ही जाणीव बोचत राहिली. भटोबासांची अवस्था तर अशी झाली की त्यांना अन्नपाण्याची व देहाची शुद्ध राहिली नाही, असे परंपरा सांगते.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. पंथाच्या पहिल्या आचार्याने आपले दुःख लपविले नाही. स्वामींच्या नंतरच्या काळाची हकीकत सांगणाऱ्या स्मृतिस्थळाने त्यांचा हा विरह झाकून ठेवलेला नाही. नेत्याने अविचल दिसावे, रडू नये, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. आमच्या पूर्वसूरींनी मात्र आचार्यांना शोकाने कोसळलेले दाखविले आणि त्यानंतर उभे राहिलेलेही दाखविले. अनुयायांना याचा लाभ असा झाला की आपले दुःख ही श्रद्धेतील उणीव आहे, असे त्यांना वाटण्याचे कारण उरले नाही. ज्यांच्या मागे जावयाचे, तेही याच वाटेने आले होते.

या पहिल्या आघातातून सावरण्यासाठी शिष्यांना एक आश्रय होता. तो म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे असलेले श्रीगोविंदप्रभू. स्वामींचे ते गुरू. स्वामींच्या मागे त्यांच्या अनेक शिष्यांनी ऋद्धिपुरी जाऊन श्रीप्रभूंची सेवा पत्करली. श्रीप्रभूंची रीत निरूपणाची नव्हती. त्यांचे वागणे वरवर पाहणाऱ्यास वेडगळ वाटावे असे, कधी बालकासारखे, कधी अनाकलनीय. तेथे बसून तत्त्वचर्चा करण्यापेक्षा पाणी आणणे, अन्न सिद्ध करणे, त्यांच्या मागे गावभर हिंडणे, त्यांचे रुसवे सांभाळणे हीच साधना होती. शोकमग्न माणसाला उपदेशाआधी नित्याचे काम हवे असते. सकाळी उठून कोणासाठी तरी काही करावयाचे आहे, एवढ्या आधारावर तो दिवस ओलांडतो. ऋद्धिपूरच्या वर्षांनी स्वामींच्या शिष्यांना हे काम दिले आणि एकमेकांचा सहवासही दिला. श्रीप्रभूंच्या विवाहाच्या सोहळ्यात महदाइसेने धवळे गाइले ते येथेच. म्हणजे दुःखाच्या त्याच काळात मराठी काव्याचा एक पहिला झराही उगम पावला.

ऋद्धिपुरातच वाजेश्वरी येथे आणखी एक कार्य घडले. त्याचे महत्त्व किती सांगावे! भटोबास एकांतात बसून स्वामींच्या लीळांचे नित्य स्मरण करीत. माहिंभट्ट हे सराळे येथील विद्वान ब्राह्मण. मुळात वादाच्या इच्छेने स्वामींकडे आलेले आणि पुढे शरण गेलेले. भटोबासांचे हे स्मरण त्यांच्या ध्यानात आले आणि या लीळा लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढे येणाऱ्यांनाही त्या लाभतील, असा विचार त्यांनी मांडला. भटोबासांनी तो मान्य केला. आपल्याला ठाऊक असलेल्या लीळा त्यांनी सांगितल्या आणि ज्या आपण पाहिल्या नव्हत्या त्यांच्यासाठी माहिंभट्टांनी त्या त्या साक्षीदारांकडे जाऊन विचारणा केली. कोणाच्या बाबतीत काय घडले ते त्याच्याच तोंडून ऐकावयाचे, ही त्यांची पद्धती होती. शके १२०० (इ.स. १२७८) च्या सुमारास आरंभिलेल्या या कार्यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून सर्व महाराष्ट्र त्याकडे आदराने पाहतो.

साहित्याच्या इतिहासकारांनी या ग्रंथाच्या भाषेचे व सामाजिक चित्रणाचे पुष्कळ विवेचन केले आहे. आपण त्याच्या निर्मितीकडे आचार्यधर्माच्या दृष्टीने पाहू. भटोबासांपाशी स्वामींच्या आठवणींचा सर्वांत मोठा ठेवा होता. तो त्यांनी स्वतःपाशी ठेवला असता तर प्रत्येक साधकाला प्रत्येक वेळी त्यांच्याकडेच यावे लागले असते आणि त्यांचा अधिकार वाढत गेला असता. त्यांनी नेमके उलट केले. जे खाजगी स्मरण होते ते सामाईक केले. शिवाय ते एकट्याच्या मुखाने न सांगता अनेकांच्या साक्षीने सिद्ध होऊ दिले. ज्या वृद्ध बाईने स्वामींना कधी एक प्रश्न विचारला, तिचीही आठवण ग्रंथात आली. त्यामुळे ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्या प्रत्येकाला आपला वियोग सांगण्याची एक जागा मिळाली. दुःख बोलून दाखविले गेले, ऐकले गेले आणि लिहिले गेले. आठवणींचा हा संग्रह पुढे शास्त्र झाला, परंतु आधी त्याने सांगणाऱ्यांचे सांत्वन केले.

शके १२०८ च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंनीही देह ठेवला. हा दुसरा आघात पहिल्यापेक्षा कठीण होता. पहिल्या वेळी जावयाला ऋद्धिपूर होते. आता वर पाहावे असे कोणीच उरले नाही. समुदायाच्या दृष्टी साहजिकच भटोबासांकडे वळल्या. जगाच्या इतिहासात अशा क्षणी काय होते, हे आपण जाणतो. संस्थापक गेला की त्याचा जवळचा शिष्य हळूहळू त्याच्या आसनावर बसतो. लोकांची विरहवेदना एखाद्या मूर्तीच्या शोधात असते, आणि जो समोर दिसेल त्याला ती मूर्ती बनविते. शिष्यही मोहात पडतो, कारण त्याच्याही मनात तीच पोकळी असते.

भटोबासांनी या मोहाला थारा दिला नाही. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पंथाच्या सिद्धांतातच आहे. आपण पंचकृष्ण मानतो : श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर. सातशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ही संख्या पाचच राहिली. ज्या पुरुषाच्या आधारावर पंथ उभा राहिला, ज्याच्या विषयी अपार कृतज्ञता होती, तो सहावा झाला नाही. तो आचार्य राहिला. म्हणजे स्वतः आचरणारा आणि इतरांस आचारात ठेवणारा. ईश्वर आणि मार्गदर्शक यांतील हे अंतर त्यांनी आपल्या आयुष्यात राखले, म्हणूनच त्यांच्या मागून आलेल्या प्रत्येक आचार्याला व महंताला आपली मर्यादा ठाऊक राहिली.

आसन घ्यावयाचे नाही, तर मग समुदाय धरून ठेवावयाचा कशाने? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी व्यवस्थेने दिले. असन्निधानात साधकाला आधार म्हणून स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने पंथाने मानली आहेत. ज्या भूमीला अवताराचा संबंध घडला ते स्थान, ज्या वस्तूला घडला तो प्रसाद, ज्याने सर्वस्व सोडून अनुसरण केले तो भिक्षुक आणि गृहस्थाश्रमात राहून ज्याने श्रद्धा जतन केली तो वासनिक. या रचनेत एकही माणूस अपरिहार्य नाही आणि एकही माणूस निरुपयोगी नाही. संन्याशाला गृहस्थाचा आधार आहे, गृहस्थाला संन्याशाचा. आज पैठणला किंवा वेरुळला ओट्यापुढे दंडवत घालणारा साधक कोण्या एका महंताच्या अनुज्ञेवर अवलंबून नसतो. ते स्थानच त्याला स्वामींच्या स्मरणाशी जोडते. पुढे चौदाव्या शतकात या स्थानांची तपशीलवार नोंद करणारी स्थानपोथीही सिद्ध झाली.

याच्या जोडीला अटन, विजन, भिक्षा व स्मरण हा आचार होता. साधकाने एका ठिकाणी फार काळ न राहता हिंडावे, एकांतात बसावे, मिळेल त्या अन्नावर राहावे आणि लीळांचे स्मरण करावे. गुरूच्या अंगणात कायम बसून राहणारा शिष्य या मार्गात आदर्श मानला गेला नाही. शिष्याने एकट्याने उभे राहावयास शिकावे, परत यावे, शंका विचाराव्यात आणि पुन्हा निघावे. ज्या समुदायाला वियोगाचा एवढा मोठा घाव बसला होता, त्याला एकमेकांना घट्ट धरून राहण्याची ओढ वाटली असेल यात संशय नाही. परंतु तशा मिठीने माणूस दुबळा होतो. सोडणे आणि पुन्हा भेटणे यांचा नियमित क्रम ठेवून स्वामींनी घालून दिलेला आचार भटोबासांनी चालू ठेवला आणि त्यायोगे वियोग सहन करण्याची शक्तीही शिष्यांत वाढीस लागली.

त्यांच्याकडे येणारी माणसे एका साच्याची नव्हती. केशिराजबास हे संस्कृतचे पंडित. दामोदरपंडित कवी व गायनकलेचे जाणकार. रुक्मिणीस्वयंवराचे कर्ते नरेंद्र हे यादव दरबाराच्या परिचयातले. आपले काव्य राजाच्या नावावर करण्यास त्यांनी नकार दिला आणि पुढे या मार्गाचा आश्रय केला, ही कथा प्रसिद्ध आहे. भास्करभट्ट बोरीकर हे शिशुपालवधाचे व उद्धवगीतेचे कर्ते. एवढे बुद्धिमंत ज्याच्यापाशी नम्र होऊन राहिले, तो स्वतः ग्रंथकार नव्हता. आपल्याहून अधिक शिकलेल्या शिष्यांचा हेवा न करता त्यांच्या विद्येला योग्य काम देणे, हे भटोबासांचे गुरुपण होते. केशिराजांनी लीळाचरित्रातील स्वामींची वचने वेगळी काढून विषयवार सूत्रपाठ सिद्ध केला आणि स्वामींच्या ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ रचला. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, मग दृष्टांत व शेवटी त्याचा दार्ष्टांतिक अर्थ, अशी त्याची सोय आहे. शिकविणारा बदलला तरी शिकवण बदलू नये, यासाठी याहून चांगली योजना कोणती असू शकेल?

याच संदर्भात भाषेचा प्रसंग येतो. केशिराजांना हे शास्त्र संस्कृतात लिहावे असे वाटले. तत्कालीन विद्वज्जनांत प्रतिष्ठा मिळावयाची तर तोच मार्ग होता. भटोबासांनी त्यास अनुमती दिली नाही. आपल्याला स्वामींनी मराठीत सांगितले, तेव्हा मराठीतच विचारावे आणि मराठीतच लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागील कारण अधिक हृद्य आहे. संस्कृतात ग्रंथ झाला तर समुदायातील म्हाताऱ्या बाया त्यापासून वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. आचार्याने निर्णय घेताना कोणाचा विचार आधी केला, हे येथे दिसते. राजसभेतील पंडितांचा नव्हे, स्वतःच्या प्रतिष्ठेचा नव्हे, तर ज्या स्त्रियांना दुसरा कोणताही आधार नव्हता त्यांचा. महदाइसेसारखी चौकस, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी बहीण ज्याच्या निकट होती, त्याला स्त्रियांच्या जिज्ञासेची किंमत कळावी, यात आश्चर्य नाही. महदाइसा गेली तेव्हा आपला एक आधार गेला, ही त्यांची भावनाही परंपरेने जपली आहे. म्हणजे आचार्यालाही आधार लागतो आणि तो मान्य करण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

नागदेवाचार्यांच्या देहावसानाचे वर्ष कोणी शके १२२४ (इ.स. १३०२) तर कोणी शके १२३४ (इ.स. १३१२) देतात. त्यांच्या मागे बाइदेवबास आणि नंतर कवीश्वरबास म्हणून ओळखले जाणारे भास्करभट्ट आचार्य झाले. आचार्यपद एखाद्या घराण्याचे वतन झाले नाही.

व्यवस्थेची खरी परीक्षा पुढे झाली. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि त्यानंतर दोन दशकांच्या आतबाहेर यादवांचे राज्य संपुष्टात आले. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते. ज्या ग्रंथावर सर्व भिस्त, तोच गेला. परंतु तोपर्यंत लीळा अनेकांच्या मुखी झाल्या होत्या. हिराइसेसारख्या तीव्र स्मरणशक्तीच्या स्त्रीने व इतर महात्म्यांनी आपापल्या पाठांतरावरून त्या पुन्हा लिहविल्या. हिराइसा पाठ, रामेश्वरबास पाठ, परशरामबास पाठ अशी नावे पोथ्यांतून आजही भेटतात. पाठभेद आढळला तेथे तो दडपून न टाकता सांगणाऱ्याच्या नावासह नोंदविला गेला. वाजेश्वरीला बसून भटोबासांनी जे एकट्याचे होते ते सर्वांचे केले, त्याचे फळ या संकटात मिळाले.

या वृत्तांताला एक दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कालांतराने पंथात आम्नाय झाले. चौदाव्या शतकात रवळोबासांच्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपी प्रचारात आल्या आणि ग्रंथ त्यांत लिहिले जाऊ लागले. त्यामुळे पोथ्यांचे पावित्र्य व शुद्धता राखली गेली आणि परक्या, प्रतिकूल नजरेपासून त्यांचे रक्षण झाले, हे खरे. एकदा दुखावलेला समुदाय दार लावून घेतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याच दारामुळे सामान्य मराठी माणूस कित्येक शतके या वाङ्मयाला पारखा झाला आणि पंथाविषयी बाहेर गैरसमज वाढले, हेही तितकेच खरे. म्हाताऱ्या बायांसाठी जे शास्त्र मराठीत ठेवले, ते शेवटी लिपीच्या कुलपात गेले. विसाव्या शतकात महंतांनी व अभ्यासकांनी ते कुलूप उघडले, पोथ्या छापल्या गेल्या आणि १९९२ मध्ये शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी स्मृतिस्थळाचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध केला. २०२४ मध्ये रिद्धपूर येथेच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. भटोबासांनी धरलेला आग्रह अशा रीतीने पुन्हा मूळ ठिकाणी आला आहे.

यावरून आजच्या मार्गदर्शकांनी, मग ते मठातील अधिकारी असोत, शाळेचे चालक असोत की घरातील वडीलधारे, एक विवेक अवश्य करावा. आपल्यावर ज्यांची भिस्त आहे ती माणसे घाव सोसून आलेली असतील, तर त्यांची ओढ आपल्याला त्राता बनविण्याकडे राहील. त्या ओढीला आपण होकार दिला तर त्यांना तात्पुरता दिलासा मिळेल, परंतु आपल्या मागे ती दुसऱ्यांदा पोरकी होतील. भटोबासांनी आपल्या माणसांना दुसऱ्यांदा पोरके होऊ दिले नाही. ते स्वतः शोकाकुल झाले, तरी स्वामींच्या जागी स्वतः बसले नाहीत. शिष्यांना स्मरण दिले, आचार दिला, स्वतःच्या भाषेतले शास्त्र दिले आणि एकट्याने चालण्याचे बळ दिले. पैठणच्या गोदातीरी स्थानाला दंडवत घालताना साधकांनी या आद्य आचार्यांचेही कृतज्ञतेने स्मरण करावे, एवढीच विनंती.